सुरंगेला लागलेला उकार

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की तुमच्या शहरात जमिनीखाली एक जुना रेल्वेचा बोगदा आहे, कित्येक वर्षं बंद पडलेला, आणि आता तो साफ करून त्यातून रोज कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या सोडणार आहेत. मागून तुमची आई म्हणाली, "मीसुद्धा कॉलेजला बोगद्यातूनच जायचे," आणि तुम्ही हसलात. तुम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. तुमच्या आईला ही हकिकत सांगायला सांगून उपयोग नाही, ती निम्म्यातच हसायला लागते. मला त्यात हसण्यासारखं अजूनही फारसं काही दिसत नाही. म्हणून मीच क्रमाने लिहून ठेवते आहे.

आपलं गाव आंबागडाच्या अंगाला, एका लांबट टेकडीच्या अलीकडे. तुमसरला जाणारी रेल्वे टेकडीच्या पलीकडे. फार पूर्वी अलीकडच्या एका खाणीसाठी ही टेकडी आरपार खणून बोगदा केला होता. खाण बंद पडली, मालगाड्या थांबल्या, बोगद्याच्या दोन्ही तोंडांना रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आडवे ठोकले गेले. आतले रूळ मात्र तसेच राहिले. ते काढून न्यायचीही कोणी तसदी घेतली नाही. गावातून तुमसरला जायचं तर टेकडीला मोठा वळसा घालून एसटीने. ती सकाळी मनाला येईल तेव्हा येई, आणि परत येईपर्यंत दिवेलागण उलटून गेलेली असे. नाल्याला पाणी आलं की तीही नाही.

ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. तुमची आई दहावीत होती. गणित इतकं चांगलं की शाळेतले गुरुजी उत्तर पडताळायला तिची वही मागत. पुढे शिकायचं तर तुमसरलाच. मी लग्नाआधी नागपूरला इंग्रजी शाळेत आणि मग कॉलेजात शिकले होते. माझ्या मुलीने दहावीनंतर घरी बसावं हे मला मान्य होणार नव्हतं. पण घरात शब्द चाले माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. त्यांनी नकार दिला नाही, हे आधी सांगते. त्यांनी अट घातली.

"पोरगी शिकू दे ना, मी कायले नाही म्हणू? पन रात परक्या घरी काढाची नाही. सकारी गाडीनं जाव, दिवस बुडाच्या आंधी घरी याव. तशी गाडी दाखवा मले."

तुमच्या आजोबांचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांचं मत नेहमी मामाजींच्या मताला लागूनच मांडी घालून बसलेलं असे.

तशी गाडी एकाच मार्गाने येऊ शकत होती. पलीकडच्या रुळांवरून तुमसरची शटल धावत होतीच. बोगदा उघडला, रूळ दुरुस्त केले, तर तीच शटल आमच्या गावापर्यंत आणता आली असती. शिकणारी मुलं, भाजी विकणाऱ्या बाया, कोर्टाच्या तारखांना जाणारे पुरुष, सगळ्यांची सोय. मी सरकारला अर्ज लिहायचं ठरवलं.

पहिला अर्ज मी इंग्रजीत लिहिला. सरपंचांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, हा कागद तुमी लिवला म्हंजे चांगलाच असंल. पन लोकं अंगठा कशावर लावतील? उद्या म्हनतील, वहिनीनं वावर लिवून घेतलं." त्यांचं चूक नव्हतं. मी अर्ज मराठीत केला. पंचायतीसमोरच्या लिंबाखाली सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवला. "आंबागडच्या बाजूच्या टेकडीतील जुना बोगदा प्रवासी गाडीसाठी पुन्हा सुरू करावा."

"बोगदा म्हंजे काय जी?" मागून एकाने विचारलं.

मी हात टेकडीकडे केला.

"मंग सुरंग म्हना ना, बाई."

आमच्याकडे हिंदी इतकी मिसळलेली की बोगद्याला सगळे सुरंगच म्हणत. मी समजावलं की सरकारी कागदात बोगदा हाच शब्द बरोबर आहे. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "तुह्या कागदातला बोगदा तुह्यापाशी ठेव व बाई. मले माही सुरंग पाह्यजे." लोक हसले आणि अंगठे लावायचे थांबले. जो शब्द आपला नाही त्यावर ते अंगठा लावणार नव्हते. मी तासभर वाद घातला. मामाजी ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, सुरंग खनली तवा मी पाह्यली. तिचं नाव मले माहीत आहे." सरपंच म्हणाले, ग्रामसेवकाकडून नीट नक्कल करून घेतो, "जुनी सुरंग" असं लिहून. मी हो म्हटलं. त्या "हो"बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आमचे ग्रामसेवक सातारकडचे, नवीनच आलेले, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत माझ्याइतकेच काटेकोर. त्यांच्या मते "सुरंग" ही चूक होती आणि "जुनी" ही दुसरी. नक्कल करताना त्यांनी दोन्ही सुधारल्या. अर्ज गेला तो असा: "टेकडीतील जुना सुरुंग बरीच वर्षे बंद पडला असून तो तातडीने चालू करण्यात यावा." खाली सगळ्या गावाचे अंगठे.

तुम्हाला मराठी वाचता येते, पण असे बारकावे आता सवयीचे नाहीत, म्हणून सांगते. सुरंग म्हणजे आमच्या बोलीत बोगदा. सुरुंग म्हणजे खडक फोडायला त्यात ठासलेली दारू. दोन्हींत फरक एका उकाराचा.

मे महिन्यात पंचायतीपुढे जीप थांबली. आतून एक फौजदार आणि स्फोटकांतला जाणकार असा एक माणूस उतरला. मला कळून मी पोचेपर्यंत सरपंचांनी खुर्च्या मांडून बोलणं सुरू केलं होतं. दारातून मी ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

"हा सुरुंग कोणी पेरला?" फौजदार विचारत होते.

"पेरला म्हंजे? सायबाच्या जमान्यात खनली जी."

"किती खोल आहे?"

"खोल कायची जी, आरपार आहे."

फौजदारांनी जाणकाराकडे पाहिलं. "आणि अजून जिवंत आहे?"

सरपंच जरा विचारात पडले. मग म्हणाले, "थोडी डागडुजी केली तं चालू होते. आमाले बरसातीच्या आंधी चालू पाह्यजे."

"चालू झाला तर काय होईल माहीत आहे?"

"माहीत कसं नाही जी? सारा गाव एका घंट्यात तुमसरले पोचंल."

फौजदारांनी खुर्ची मागे सरकवली. मी आत गेले आणि म्हणाले, "साहेब, बोगदा. टनेल. रेल्वेचा." त्यांनी अर्ज माझ्यापुढे धरला आणि तेव्हा मी तो उकार पाहिला. ग्रामसेवक शेजारीच उभे होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, मूळ मजकूर अशुद्ध होता."

फौजदार माणूस समंजस होता. माझं म्हणणं त्यांना पटलं. पण ते म्हणाले, "बाई, मला चौकशी अर्जाची करायची आहे, तुमच्या म्हणण्याची नाही. आत सुरुंग नाही असं लिहून द्यायला हे आत जाऊन बघतील." ते म्हणजे जाणकार. जाणकारांनी बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बॅटरी मारली. वटवाघळं उडाली. कोणीतरी सांगितलं की आत अस्वल राहतं. ते परत आले आणि म्हणाले की सुरुंग नाही असं खात्रीने सांगता येत नाही. चार दिवसांनी तोंडाशी पत्र्याची पाटी लागली: "धोका. सुरुंग. आत जाऊ नये."

तर बोगदा उघडावा म्हणून केलेल्या अर्जाने बोगदा होता त्याहून जास्त बंद झाला.

तुमच्या आईचा निकाल लागला. तालुक्यात पहिल्या काहींत होती. कॉलेजात नाव घालायला दोन आठवडे उरले होते. मी तिला घेऊन भंडाऱ्याला गेले. ज्या कचेरीत अर्ज होता तिथल्या कारकुनाने फाईल शोधायला दुपार घेतली, आणि मग मला समजावलं. अर्जातला शब्द बदलता येणार नाही. जुना अर्ज मागे घ्यावा लागेल. मागे घ्यायला ज्यांनी अंगठे लावले त्या सगळ्यांचे पुन्हा अंगठे लागतील. नवा अर्ज बोगद्याचा असेल तर तो रेल्वेकडे जाईल.

"नुसत्या बोगद्यावर गाव अंगठा लावणार नाही. मग दोन्ही शब्द घालते," मी म्हणाले. "बोगदा म्हणजेच सुरंग, असं."

"बाई, बोगदा एका खात्याचा आणि सुरुंग दुसऱ्या खात्याचा. एका अर्जात दोन खाती येत नाहीत."

"मी सुरुंग म्हटलेलं नाही. सुरंग म्हटलं."

"तेच ते," तो म्हणाला आणि फाईल बांधली.

परतीच्या एसटीत तुमची आई खिडकीशी बसून होती. एवढंच म्हणाली, "आई, तू आता अर्ज लिहू नको." मला राग आला, पण कोणावर काढावा ते ठरेना. ग्रामसेवकांवर काढला असता, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तो उकार घातलाच असता.

घरी आल्यावर मी मामाजींना कचेरीतलं सगळं सांगितलं. ते जेवता जेवता थांबले.

"म्हंजे सरकार म्हनते, सुरंगेत बारूद आहे?"

"कागदावर आहे, मामाजी."

"माह्या सुरंगेत?" बोगदा खणत होते तेव्हा मामाजी तरणे होते आणि खणणाऱ्या मजुरांना बैलगाडीने तांदूळ पोचवत. त्या बोगद्यावर त्यांचा असा हक्क होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी घेतली, बॅटरी घेतली आणि टेकडीकडे निघाले. तुमची आई त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. सरपंच धावत आले. "बाबाजी, काहून जीव द्याले जाऊन राहिले? पाटी वाचा ना."

"मले वाचता येत नाही," मामाजी म्हणाले. ते खोटं होतं. ते रोज पोथी वाचत.

त्यांनी काठीने एक कुजका स्लीपर ढकलला, तो पडला, आणि आम्ही आत गेलो. आत गार होतं. छतातून थेंब पडत होते. स्लीपरचं अंतर नऊवारीतल्या बाईच्या पावलाला सोयीचं नव्हतं, त्यामुळे मी दोनदा अडखळले. अस्वल नव्हतं. मामाजी मोठ्याने पावलं मोजत होते आणि मधे मधे भिंतीवर काठी आपटून म्हणत, "कुठं आहे बारूद? दाखव." आठशे काही पावलांवर उजेड आला. बाहेर पडलो तर समोर उतार, उताराखाली रेल्वेचं छोटं स्टेशन, आणि स्टेशनात शटल उभी.

मामाजी फलाटावरच्या बाकावर बसले. झेंडी हातात घेतलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "हे कुठं जाते जी?"

"तुमसर."

"वापस कवा येते?"

"पाच वाजता."

मामाजींनी कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं. तुमची आई मधे बोलली नाही. तिला मी दिलेल्या सगळ्या शिकवणीपेक्षा ते न बोलणं जास्त शहाणपणाचं होतं. सहा महिने आम्ही गाडी बोगद्यातून गावात आणायच्या मागे होतो. माणसाने बोगद्यातून गाडीकडे चालत जावं, हे गावात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर अर्ज लिहिणारी.

"पाच वाजता," मामाजी शेवटी म्हणाले. "म्हंजे दिवस बुडाच्या आंधी."

मी म्हणणार होते की पण गाडी आपल्या गावात येत नाही. तुमच्या आईने माझा हात घट्ट दाबला.

"मी गाडी म्हनलो होतो," मामाजी म्हणाले. "गाडी दाराशी पाह्यजे, असं म्हनलो नव्हतो."

त्या जुलैपासून तुमची आई बॅटरी घेऊन बोगद्यातून कॉलेजला गेली. पहिले काही दिवस मामाजी सोबत जात आणि संध्याकाळी आणायला जात. मग गावातल्या आणखी दोन मुली तिच्याबरोबर जाऊ लागल्या. पाटीमुळे बाकी कोणी टवाळखोर तिकडे फिरकत नसे. लिंबाखालची ती म्हातारी म्हणे, "सरकारनं पोरींसाठी राखून ठेवली सुरंग." पाच वर्षं त्या वाटेने ती गेली, पदवी घेतली आणि तिथून पुढे नागपूरला शिकायला गेली. तेव्हा रात परक्या घरी काढण्याचा विषय मामाजींनी काढला नाही.

शटल आमच्या गावी कधीच आली नाही. तुमच्या आईचं लग्न झाल्यावर एक सरकारी लखोटा आला. आमच्या अर्जाचं उत्तर होतं. सदर सुरुंग निकामी झाल्याचे आढळल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. मी लाल शाईने तो उकार खोडला आणि कागद पेटीत ठेवला.

तुमच्या शहराच्या बोगद्यासाठी कोणी अर्ज केला असेल, तर त्यांच्या भाषेत एकच शब्द असावा, अशी मी आशा करते.

बोगदा अजून आहे. आपल्या बाजूचं तोंड अर्धं ढासळलं आहे, पलीकडचं शाबूत आहे. रूळ गेले. मामाजींची काठी दाराच्या मागे आहे. पत्र्याची पाटी आपल्या गोठ्याच्या खिडकीला ठोकलेली आहे. त्यावर आता फक्त "सुरुंग" वाचता येतं, आणि त्यातला "रु"चा उकार सगळ्यांत ठळक राहिला आहे.