भिंतीवरच्या कातणाऱ्या बायका

तफीदाला हळू बोलता येत नसे. इजिप्तमधल्या महल्ला शहराच्या सूतगिरणीत छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला ते येणार तरी कसं? रिंगखात्यात चारशे चात्या एकदम गरगरत असल्या की शेजारणीच्या कानात ओरडलेलंही ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या बाया एकमेकींच्या ओठांकडे बघून गप्पा मारत आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या की आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तफीदाचा आवाज काही खाली आला नव्हता.

"हळू गं," नवरा फहमी म्हणे. "आज मुलुखियाची भाजी केलीय हे शेजाऱ्यांना सांगायची काय गरज आहे?"

"वास तर आधीच गेलाय त्यांच्याकडे," ती म्हणे.

तिचा जन्म झिफ्ताजवळच्या एका खेड्यातला. तिथं जवस पिके आणि त्याच्या काड्या पाण्याच्या कुंडांत कुजवून धागा काढत. त्या कुजक्या वासातच ती वाढली. पंधराव्या वर्षी मोठ्या बहिणीचा हात धरून गिरणीत आली. पहिलं वर्ष तुटलेला धागा सांधता सांधता बोटं सोलवटून निघाली. दुसऱ्या वर्षी ती चालता चालता, न बघता धागा सांधू लागली. मुकादम म्हणे, ही पोरगी चालत नाही, हीसुद्धा चात्यांसारखी फिरते. लग्न झालं, चार मुलं झाली, मुलांची मुलं झाली, पण ती फिरतच राहिली.

गिरणीतल्या तिच्या दोघी जिवाभावाच्या. नबविया मागावरची, उंच, हडकुळी, चूक दिसली की बोलल्याशिवाय न राहणारी. कौकब सूत गुंडाळायच्या खात्यातली. गोलमटोल, सदा काहीतरी तोंडात टाकणारी. तिघी रोज दुपारी एकाच भिंतीच्या सावलीत बसून फूल, म्हणजे शिजवलेले वाल, आणि कच्चा कांदा खात. आणि तिथंच कधीतरी, तिघींची पोरं लहान असताना ठरलं होतं की एकदा लक्सरची जुनी देवळं बघायला जायचं. जगभरची माणसं विमानात बसून येतात आणि आपण इथल्या इथं असून पाहिलेलं नाही, हे बरं दिसत नाही असं नबवियाचं म्हणणं होतं. पण पोरांना सोडून पाच दिवस कोण जाणार? पोरांचं झालं, मग नातवंडांचं सुरू झालं. ठरलेलं ठरलेलंच राहिलं.

त्या हिवाळ्यात कौकबच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. ती तफीदाच्या दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टर नवे गुडघे घालणार आहेत," ती म्हणाली. "जुने गुडघे माझे आहेत, माझ्या आईनं दिलेले. त्यांना एकदा लक्सर दाखवायचं आहे. येतेस का?"

तफीदानं हातातली भाजी खाली ठेवली. "कधी?"

"रविवारी."

फहमीनं पाच दिवस मी काय खाऊ असं विचारलं. तिनं पाच डबे भरून शीतकपाटात ठेवले, प्रत्येकावर वार लिहिला आणि म्हणाली, "वजीहच्या बापा, एका दिवशी दोन वार खाल्लेस तर मला कळेल."

रविवारी पहाटेच्या गाडीनं तिघी निघाल्या. तंटा स्टेशनवर फुटाण्यांच्या पुड्या घेतल्या, कैरोत उतरून गिझा गाठलं. नबविया मोठ्या पिरॅमिडसमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"शाळेच्या पुस्तकात होता तसाच आहे," ती शेवटी म्हणाली. "बदल काही नाही."

"अगं, बदलायला तो काय गिरणीची साडेचारची पाळी आहे?" कौकब म्हणाली, आणि तिघी अशा हसल्या की एका उंटवाल्यानं वळून पाहिलं.

लक्सरचा प्रवास लांबचा, म्हणून मधे मिन्याला मुक्काम होता. कौकबची धाकटी सून मिन्याकडची. तिच्या माहेरच्यांनी रात्री तिघींपुढे बदक, भात आणि उन्हात ठेवून फुगवलेल्या भाकऱ्या ठेवल्या, आणि सकाळी निघताना सुनेचा बाप म्हणाला, "लक्सरची गाडी संध्याकाळची आहे. तोवर पलीकडे बेनी हसन बघून या. डोंगरातली थडगी आहेत. आमच्याकडे आलेला माणूस ती बघितल्याशिवाय जात नाही."

नबवियानं नाक मुरडलं. लक्सर सोडून वाटेत थडगी कसली बघायची? पण घरच्या माणसाचं मन मोडवेना. तिघी नावेत बसून नाईलच्या पलीकडे गेल्या आणि डोंगराच्या पायऱ्या चढू लागल्या. कौकब दर दहा पायऱ्यांनी बसे, फुटाणे खाई आणि "चला, गुडघे म्हणतायत जाऊ या" म्हणत उठे. खाली नदीकाठची शेतं हिरवीगार पसरली होती, आणि त्या ज्यावर पाय ठेवत होत्या तो डोंगर मात्र पांढराफटक, गवताचं पातंही नसलेला.

वर थडग्याच्या दाराशी एक म्हातारा राखणदार बसला होता. निळा पायघोळ गलाबिया, डोक्याला पांढरं फडकं, काखेत तपकिरी लोकरीचा पुंजका, आणि हातात टकळी. टकळी भिरभिरत खाली जाई, धागा लांबे, म्हातारा तो गुंडाळी आणि पुन्हा टकळी सोडी. सगळे त्याला काकाच्या नात्यानं अम्म सिदहोम म्हणत.

नबविया थबकली. "हा बाप्या सूत काततोय," ती तफीदाला ओठांनीच म्हणाली. "माझा नवरा, देव त्याला जागा देवो, पाण्याचा पेलासुद्धा उचलत नव्हता."

तफीदाचं लक्ष टकळीवर होतं. तिच्या आजीकडे अशीच एक होती; आजी गेली तेव्हा तफीदा पाच वर्षांची होती.

वीज गेली होती. अम्म सिदहोमनं टकळी कोनाड्यात ठेवली, एक मोठा आरसा उचलला, दारातल्या उन्हात धरला आणि उजेडाचा चौकोन आत भिंतीवर टाकला. अंधारातून माणसं उठून दिसू लागली, शेकड्यांनी, ओळीनं.

"हे कुस्ती खेळणारे," तो पाठ असल्यासारखा सांगू लागला. "हे शिकारी. ही गाढवं. आणि ह्या चेंडू झेलणाऱ्या, खेळ करणाऱ्या बायका. चला पुढे."

"थांबा," तफीदा म्हणाली. आवाज दगडी छतावर आदळून परत आला. "आरसा मागे घ्या."

उजेड मागे आला. भिंतीवर एक बाई दगडावर उभी होती. एक पाय वर उचललेला, मांडीवर एक हात, खाली लोंबणाऱ्या दोन काड्या, आणि मागे ठेवलेल्या भांड्यांतून वर आलेले दोन बारीक धागे.

तफीदा भिंतीच्या इतकी जवळ गेली की राखणदार खाकरला.

"ही खेळ करत नाही," ती म्हणाली. "कातते आहे. चात्या आहेत त्या. एक नाही, दोन. एकाच वेळी दोन चालवते आहे. आणि भांड्यात पाणी असणार, जवस आहे ते. ओलं केल्याशिवाय जवसाचा धागा वळत नाही."

"हाजीणबाई," अम्म सिदहोम शांतपणे म्हणाला, "मी इथं बावीस वर्षं आहे. खेळ करणाऱ्या बायकाच आहेत त्या."

"तुम्ही स्वतः दिवसभर सूत कातता ना? मग तुम्हाला चाती ओळखू येत नाही?"

"येते की. पण बायका कुठं सूत कातत असतात?" म्हातारा म्हणाला. "आमच्याकडे कातायचं काम पुरुषाचं. माझा बाप कातायचा, आजा कातायचा. बाईच्या हातात काड्या दिसल्या, म्हणजे खेळ."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कौकबला असं हसू फुटलं की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. नबवियानं भिंतीला हात लागू न देता स्वतःला सावरलं. महल्ल्यात जन्म गेलेल्या तिघींना हे ऐकवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. अम्म सिदहोमला आधी राग आला, मग त्यालाही हसू आवरेना, आणि उजेडाचा चौकोन भिंतभर हिंदकळू लागला.

त्यानंतर तिथून हलायचं कुणाच्या मनात येईना. नबवियाला थोडं पुढं माग सापडला. दोन बायका दोन्ही बाजूंना उकिडव्या बसलेल्या.

"हा माग उभा नाही," ती म्हणाली. "जमिनीवर चार खुंट्या ठोकून ताणा आडवा बांधलाय. चित्रकारानं वरून बघून काढलाय, कारण बसून कधी विणलेलं नाही त्यानं. आणि ही डावीकडची बघा, हिचं लक्ष कापडावर नाही, शेजारणीशी बोलतेय. आता धागा सुटणार."

"आणि हा मागे उभा आहे तो?" कौकबनं विचारलं.

"मुकादम," नबविया आणि तफीदा एकदमच म्हणाल्या. त्याला चांगलं सुटलेलं पोट होतं.

"सगळ्यांची खाती सापडली," कौकब कुरकुरली. "आमचंच नाही. गुंडाळणाऱ्यांना तेव्हाही कुणी विचारत नव्हतं."

अम्म सिदहोमनं आरसा हळूहळू खाली फिरवला. खालच्या ओळीत तीन बायका मांडी घालून बसल्या होत्या, हातातल्या धाग्यांची टोकं जोडून गोळे करत. कौकब वाकली, गुडघ्यांची तक्रार न ऐकता जमिनीवरच बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही मधली," ती अगदी हळू म्हणाली. "हिची बोटं बघ. अशीच गाठ मारतो आम्ही."

बाहेर उन्हात आल्यावर तफीदानं कोनाड्यातली टकळी मागितली. छत्तीस वर्षं चारशे चात्या सांभाळलेली बाई. एक टकळी म्हणजे काय, असं तिला वाटलं. पहिल्या झटक्यात धागा तुटला. दुसऱ्यांदा बोटाएवढा जाड निघाला. तिसऱ्यांदा तिनं भिंतीवरच्या बाईसारखा एक पाय दगडावर ठेवला, टकळी मांडीवरून जोरात घासून सोडली, आणि टकळी हातातून सुटून पायऱ्यांवरून टणाटणा उड्या मारत खाली गेली. वर येणाऱ्या कॉलेजच्या पोरांपैकी एकानं ती झेलली.

"बघा," अम्म सिदहोम म्हणाला, "खेळच आहे."

तिनं हट्ट सोडला नाही. म्हातारा तिच्याजवळ पायरीवर बसला. लोकर चिमटीत किती धरायची, कधी सोडायची, कुठल्या क्षणी बोट सैल करायचं ते दाखवू लागला. गिरणीत तिनं तुटलेलं सांधलं होतं. सूत मात्र यंत्रानं काढलं होतं. सैल पुंजक्यातून धागा आपल्या बोटांखाली जन्मतो आहे हे तिनं कधी अनुभवलंच नव्हतं. तासाभरानं एक वीतभर धागा सरळ, सारखा निघाला. तिनं तो उन्हात धरला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं डोईच्या रुमालानं न पुसता तसंच वाळू दिलं.

"अम्म सिदहोम," ती म्हणाली, "हे मला आधी कुणी का नाही शिकवलं?"

"तू बाई आहेस ना," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळची गाडी अर्थातच चुकली. नबविया नावेत धुसफुसली. "तीस वर्षं वाट पाहिली लक्सरची. त्यातला एक दिवस गेला." पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, "त्या खुंट्यांमधलं अंतर मोजायला हवं होतं." म्हाताऱ्यानं निघताना आपली टकळी तफीदाच्या पिशवीत घातली होती. मी दुसरी तासून घेईन, पण ही घरी जाऊन कपाटात ठेवायची नाही, एवढीच त्याची अट होती.

लक्सरला मग दीडच दिवस मिळाला. कर्नाकचे खांब एवढे प्रचंड की नबवियालासुद्धा चूक काढता येईना. कौकब एकेका खांबाच्या सावलीत बसत, "हा बघितला, आता पुढचा" करत सगळं देऊळ फिरली. तफीदा खांबाशी टेकून कातत होती. परदेशी बाया फोटो काढू लागल्या. एकीनं दोनशे गिनी देऊ करून तिचा सुताचा गोळा मागितला.

"नाही बाई," तफीदा म्हणाली. "अजून कच्चं काम आहे. महल्ल्याचं नाव जाईल."

घरी आली तर फहमीनं पाच दिवसांचे डबे तीन दिवसांत संपवलेले होते आणि तो शेजाऱ्यांच्या तामियाच्या वड्यांवर जगत होता. तिनं टकळी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"नाईलच्या वरच्या मुलखात कातायचं काम पुरुषाचं असतं."

दोन दिवस त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी, ती बाजारात गेलेली बघून, त्यानं उचलली. फहमीनं जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. बोटं सवयीची आणि सावकाश. महिनाभरात तो सज्जात बसून असं सूत काढू लागला की नबविया मुद्दाम बघायला आली, धागा नखावर ओढून पाहिला, डोळ्याजवळ नेला.

"काय गं?" तफीदानं विचारलं.

"सांगू?" नबविया म्हणाली. "तुझ्यापेक्षा सारखं आहे."

तफीदानं चहाचा पेला असा आपटला की बशी तडकली. छत्तीस वर्षं गिरणीत ती, आणि सूत बरं ह्याचं. फहमी मान खाली घालून कातत राहिला, पण त्याच्या मिशा हसत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात गिरणीतल्या अकरा जणींनी बेनी हसनला जायचं ठरवलं. त्यात कौकबही होती, नव्या गुडघ्यांची. तफीदानं नवऱ्याला साफ सांगितलं की ही बायकांची सहल आहे. गाडी दारात आली तेव्हा फहमी काखेत लोकरीचा पुंजका घेऊन चालकाशेजारच्या जागेवर आधीच बसलेला होता. उतर म्हणायला तफीदानं तोंड उघडलं, पण मागून बाकीच्या दहाजणी एकदम म्हणाल्या, "बसू दे त्याला. तिथं कुणीतरी पुरुष लागेल ना कातायला."