अडवलेली कमेंट

आमच्या घरात भूतबाधा, अंगात येणं असलं कुणी मानत नाही. आजोबांनी ते सगळं गावीच सोडून दिलं. त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच ऑकवर्ड होतंय... पण घरी कुणाला सांगता येत नाही.

मी चेंबूरला मोठ्या बहिणीकडे राहते. ताईचं रेसिपीचं चॅनल आहे — सुकटीची चटणी, ज्वारीची भाकरी, आमच्या जालन्याकडचं जेवण. छान चाललं होतं. मग एका व्हिडिओत फ्रीजवरची बुद्धाची मूर्ती दिसली, आणि कमेंटमध्ये लोकांनी आमची जात काढायला सुरुवात केली. एक कमेंट इतकी घाणेरडी होती की ताई म्हणाली, "बंदच करते चॅनल."

"तू कशाला बंद करतेस गं? मी फिल्टर लावते ना."

शिव्यांचे शब्द भरून ठेवले की तसल्या कमेंट आपोआप अडतात आणि वेगळ्या कप्प्यात जातात. तो कप्पा मीच उघडायचे, ताई नाही. तिच्या चार वर्षांच्या मुलीचं नावही आम्ही व्हिडिओत घेत नाही. घरात तिला ठमी म्हणतो, ते तर बाहेर कुणालाच माहीत नाही.

त्या दुपारी ताई किचनमधून लाईव्ह होती. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेली, ठमी आतल्या खोलीत झोपलेली. अडवलेल्या कमेंट पुसत होते. नेहमीचीच घाण... आणि मध्येच एक साधी ओळ.

'ठमीला खिडकीतून खाली घे.'

मी पुन्हा वाचलं. मग धावले.

रंगकामासाठी त्या खिडकीची ग्रिल काढलेली होती. ठमी उशा रचून वर चढली होती आणि कबुतराला पकडायला बाहेर वाकली होती. चौथा मजला. मी ओरडलेसुद्धा नाही, मागून कमरेला धरून ओढलं. दोघी पलंगावर आदळलो.

"काय पडलं गं?" ताईनं किचनमधून विचारलं.

"काही नाही... तू चालू ठेव."

ठमी खिडकीत चढली होती, एवढं मी तिला नंतर सांगितलं. कमेंटचं नाही.

समोरून कुणी पाहिलं म्हणावं तर समोर गोदामाची भिंत आहे, एकही खिडकी नसलेली. ताईचा कॅमेरा ओट्यावर होता. आणि त्या ओळीत शिवी नव्हती, मग फिल्टरनं ती अडवली कशी?

मी ते अकाउंट उघडलं. फोटो नव्हता, पण नाव ओळखीचं होतं. ताईनं जिच्यामुळे चॅनल बंद करायचं काढलं होतं, ती कमेंट याचीच!

मी त्याला लिहिलं, 'तुम्ही कोण? तुम्हाला कसं कळलं?'

लगेच उत्तर आलं. 'कोण ठमी? मी असलं काही लिहिलेलं नाही.' आणि पुढे जातीवरून शिवी.

ऑफिसमधला मित्र म्हणाला, "बग असेल यार." असेल. पण बगला आमच्या ठमीचं नाव कुणी सांगितलं?

"त्या माणसाला ब्लॉक कर ना," ताई म्हणते. तिला एवढंच माहीत आहे की कुणीतरी रोज शिव्या घालतो. मी हो म्हणते. तो प्रत्येक लाईव्हला येतो, आमच्या आईवर जातो... आणि मी त्याची एकेक ओळ शेवटपर्यंत वाचते. ब्लॉकच्या बटणापर्यंत बोट नेते आणि मागे घेते.