ताईचा रविवारचा ग्रह

"कुसुमची तब्येत जरा नरम आहे, शालू. तू आरामात ये, घाई नको करूस," असं जीजाजी फोनवर म्हणाले आणि मला कळलं, ताई गेली. आमचे पुण्याचे नातेवाईक बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात, ग्वाल्हेरला आम्ही जीजाजीच म्हणतो. तर हे आमचे जीजाजी साधं दूध नासलं तरी तासभर कुणाला सांगत नाहीत. वाईट बातमी त्यांच्या तोंडून सरळ अशी कधी निघालीच नाही. मी कंपूतल्या माझ्या घरून थाटीपुरला त्यांच्याकडे पोहोचले तेव्हा दारात चपलांची रास होती. त्यालाही आता महिना उलटून गेला.

ताईने जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. आजही बाजारात एखादी प्रौढ बाई मला अडवते आणि "कुसुम मॅडम की बहन हैं ना?" म्हणत जुन्या माराच्या आठवणी कौतुकाने सांगते. मी ब्लाउज शिवायचे क्लास चालवते आणि गणितात मला कधीच गती नव्हती. ताईला त्याची लाज वाटायची आणि ती हे चारचौघांत बोलूनही दाखवायची. राग तिच्या नाकावर असायचा, पण तो फार वेळ टिकायचा नाही. निवृत्तीनंतर तिचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग एकदा घराजवळची गल्ली. आम्ही तिला कंपूतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. ताई झरझर दोनपर्यंत उतरली आणि म्हणाली, "अब माइनस में जाना पड़ेगा, जाऊँ?" डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरून हळूच विचारलं, "आपण इथे कशाला आलो होतो गं?"

तिची एकुलती एक मुलगी मृणाल बंगळूरला असते. दूरच्या ताऱ्यांच्या उजेडाची मापं तपासणं हे तिचं काम. आईचं कळल्यावर ती नोकरी सोडून यायला निघाली होती. ताईने तिला फोनवरच झाडलं. "अजून मला सगळं समजतंय. आत्तापासून येऊन माझ्या तोंडाकडे पाहत बसू नकोस. समजेनासं व्हायला लागलं की ये." पण ते नेमकं कधी, हे कुणी ठरवायचं? ताईने तोडगा काढला. दर रविवारी मृणालने आईला फोनवर एक ग्रह द्यायचा. तो आपल्या ताऱ्याभोवतीची फेरी किती दिवसांत करतो, ताऱ्यापासून किती लांब आहे आणि तारा केवढा रुंद आहे, एवढंच सांगायचं. त्यावरून ग्रहाला ताऱ्यासमोरून पार व्हायला किती वेळ लागेल, ते ताईने काढायचं. फेरी किती लांब आणि किती दिवसांची हे कळलं की वेग निघतो, आणि ताऱ्याच्या रुंदीला वेगाने भागलं की वेळ. ग्रह समोर असतो तेवढा वेळ तारा किंचित मंद होतो, त्यामुळे खरा वेळ मृणालकडे मोजलेला असायचा. तो ती माझ्या फोनवर पाठवायची आणि खाली लिहायची, "मावशी, आई को मत बताना हं."

उत्तर माझ्याकडे का, तर ताईच्या मते मला गणित येत नसल्यामुळे मी तिला मदत करण्याचा धोका नव्हता. "चुकलं तर चुकलं म्हणायचं," तिने मला बजावलं. "चूक माझी मी शोधीन. ज्या रविवारी ती सापडणार नाही, त्या रविवारी मृणालला बोलवायचं. मी तिला ओळखतेय तोवर ती यायला पाहिजे." मी हो म्हटलं. जीजाजी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, त्यांनी सगळं ऐकलं. मी कप न्यायला आत गेले तर म्हणाले, "शालू, तू आपलं बरोबर आहे म्हणून देत जा न. काय फरक पडतो?"

मग रविवार सुरू झाले. मी येताना बेडई-भाजी, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी, बांधून आणायचे, ताई पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडायची, जीजाजी वर्तमानपत्राआडून आमच्याकडे पाहायचे. हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. ताईचं उत्तर तीन तासांच्या घरात आलं, आणि माझ्याकडचं जेमतेम दोन. मी म्हटलं, "चुकलं." ताईने पेन्सिल कानामागे खोचली आणि कागद पुन्हा वरून वाचायला घेतला. बेडई गार झाली, ऊन भिंतीवर चढलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "थाळी आण. आणि तुझ्या पर्समधला धागा दे." तिने धागा थाळीवर मधोमध ताणला, मग तसाच कडेकडे सरकवत नेला. "मी धरून चालले की ग्रह ताऱ्याच्या मधोमध जातो. हा कडेने जातोय. वाट आखूड, म्हणून वेळ कमी." गोल गळे कापण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे मला चटकन समजलं, आणि मला समजलं याचाच तिला जास्त आनंद झाला. गार झालेली बेडई तिने आणखी मागून घेतली.

ज्याची भीती होती तो रविवार उन्हाळ्यात आला. कूलरच्या आवाजात ताईने बराच वेळ गणित केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ग्रहाची अख्खी फेरी चार दिवसांची होती आणि ताऱ्यासमोरून जायला ताईने नऊ दिवस लावले होते. एरवी एखाद्या मुलीने असं लिहिलं असतं तर ताईने तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी काही बोलायच्या आत जीजाजी म्हणाले, "बिलकुल बरोबर आहे, कुसुम." ताईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू सांग."

"चुकलं, ताई."

तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत वाचलं, मग परत वर गेली, मग परत खाली... "सापडत नाही गं," ती म्हणाली. जीजाजी माझ्यावर कडाडले, "आजच सांगायचं होतं? एक रविवार नसतं थांबता आलं?" आणि उठून बाहेर गेले. ताई म्हणाली, "त्यांच्यावर रागवू नकोस. ते मला मधोमध नेतायत, सगळ्यात लांबच्या वाटेने." मग शांतपणे, "मृणालला फोन लाव." घरी जाताना मी ई-रिक्षात कंपूपर्यंत रडत होते.

जीजाजी त्यानंतर कित्येक आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मृणाल त्याच आठवड्यात आली. पुढचे काही महिने मायलेकी सकाळपासून बोलत बसायच्या. "मावशी, आईने मुझे सब बता दिया. जो मैंने पूछा नहीं, ते पण," मृणाल मला म्हणाली. दिवाळीच्या सुमाराला ताई माझं नाव विसरली आणि मला "अहो बाई" म्हणू लागली. मला ते फार लागलं, खोटं कशाला सांगू. मृणालचं नाव तिने त्यानंतरही बरेच दिवस धरून ठेवलं होतं. मग थंडीत न्यूमोनिया झाला आणि सगळं आटोपलं.

दिवस-कार्य उरकून मृणाल परत गेली. पुढच्या रविवारी मी घरीच होते. थाटीपुरला आता कुणासाठी जायचं, असं वाटत होतं. दहाच्या सुमाराला जीजाजींचा फोन आला. "मृणालने ग्रह पाठवलाय. मी मागितला. उत्तर तुझ्याकडे आहे, असं म्हणून राहिली ती." मी गेले. जीजाजी चष्मा पुसत टेबलाशी बसले होते आणि समोरचा कागद खाडाखोडीने भरला होता. आयुष्य सरकारी फायलींत गेलेला माणूस, भागाकार करायला त्यांना तासभर लागला. मग त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी फोनमध्ये पाहिलं. उत्तराच्या जवळपासही नव्हतं. समोर बायको जाऊन महिनाही न झालेला माणूस बसला होता, आणि मला वाटलं, म्हणून द्यावं बरोबर, काय बिघडतंय...

"शालू," जीजाजी म्हणाले, "खरं सांग."

"चुकलं, जीजाजी."

त्यांनी मान हलवली, कागद स्वतःकडे ओढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.