खालून कापलेली बातमी

आमच्या घरात मी अंकलिपीवर नाही, पत्रकांवर वाचायला शिकले. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. गुलाबी-पिवळ्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली पडलेले असत, आणि अक्षर अक्षर लावून मी वाचलेला पहिला शब्द होता ‘धिक्कार’. वडील सांगत, पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ वाच. ते कोणी काढलंय, कुठे छापलंय ते बघ. वरची आरोळी नंतर.

म्हणून बहारीनमधल्या एका इंग्रजी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर रुजू झाले, तेव्हा पहिला धडा ऐकून मला गंमत वाटली. आमचे न्यूज एडिटर केरळचे, सौम्य, सदा खोकणारे. ते म्हणाले, “जागा कमी पडली तर विचार करत बसू नकोस. बातमी खालून काप.” बातम्या पुरवणारे एजन्सीवाले महत्त्वाचं ते वर लिहितात आणि बिनमहत्त्वाचं तळाशी ढकलतात, जगभरचे उपसंपादक त्याच भरवशावर कात्री चालवतात. मीही चालवू लागले.

ते दिवस अमेरिकेच्या अध्यक्षाचे होते. तो आणि ती तरुण मुलगी, त्याचं खोटं बोलणं, त्याच्यावरचा महाभियोग, सगळं आमच्या टेलिप्रिंटरच्या यंत्रातून हात-दोन हात लांबीच्या कागदावर येऊन पडायचं. अमेरिकेला शिव्या देणाऱ्या पत्रकांवर मी वाढलेली, तरी खरं सांगते, मला हेवा वाटायचा. स्वतःच्या राष्ट्रप्रमुखाला भर चौकात उभं करून जाब विचारणारी वर्तमानपत्रं! आमच्या हापिसातून गाडीने थोडं पुढे गेलं की मआमीर गाव लागे. तिथल्या भिंतींवर रात्री कोणीतरी राजवटीविरुद्ध लिहायचं आणि सकाळी त्यावर चुना फिरवलेला असायचा. ते पांढरे पट्टे मी रोज बघत होते. त्याबद्दल आमच्या पेपरात एक ओळ येत नव्हती. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या शयनगृहाला मात्र आम्ही अर्धं पान देत होतो.

मी तुबलीला एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचे. शेजारी रत्नागिरीकडचं कोकणी मुसलमान जोडपं होतं. नवरा खालच्याच गॅरेजात मेकॅनिक. मालक बरा, म्हणून बायकोचाही व्हिसा झालेला. तिला मी भाभी म्हणायचे. रमझान तोंडावर आला होता. मालकाची एक लाकडी लाँचही होती. तिचं इंजिन कुरकुरत होतं, म्हणून त्याने या मेकॅनिकला खेपेवर बरोबर धाडलं. लाँच उत्तरेला, इराककडे गेली होती, खजूर भरायला. चार दिवसांत येतो सांगून गेलेला माणूस आला नाही, आणि मग अमेरिकेची क्षेपणास्त्रं इराकवर पडू लागली.

भाभी रोज सकाळी दारात उभी.

“काय गो बाय, आयलं काय पेपरात?”

“नाही भाभी.”

“पेपर तुझा, आन् तुलाच ठावं नाय? मग लिवतेस काय दिवसभर?”

“अमेरिकेच्या अध्यक्षाचं.”

“त्याचं काय लिवायचं? तो घरातच हाय ना.”

मालक ‘इंशाल्ला येईल’ एवढंच म्हणत होता. इराकवर निर्बंध होते, तिथला खजूरही चोरटा माल ठरत होता, आणि मालकाला पोलिसात जायची सोय नव्हती. भाभीला हे पटत नव्हतं. “खजूर हायत गो त्यात, बाँब नाय. बाजारात रमझानसाठी ढीग लागलेत, ते काय आभाळातून पडले?”

त्या आठवड्यात मी यंत्राच्या कागदाचं शेवटचं टोक आधी धरायला लागले. आणि एका संध्याकाळी, बाँबहल्ला आणि महाभियोगाचं मतदान यांची सांगड घालणाऱ्या एका लांबलचक बातमीच्या अगदी तळाशी ते सापडलं. उत्तर आखातात अमेरिकी नौदलाने काही लाकडी लाँच अडवल्या आहेत, चौकशी होईपर्यंत त्या समुद्रातच नांगरून ठेवल्या आहेत, खलाशी बहुतेक भारतीय आणि पाकिस्तानी आहेत. बस, एवढंच.

न्यूज एडिटरपुढे मी तो कागद ठेवला. “ही वेगळी बातमी करू या.”

ते खोकले. “त्यांच्या नौदलाचा तळ इथेच, जुफेरला आहे, अम्मा. पाहुणे आहेत ते इथले.”

“आणि ही माणसं?”

“कोणती माणसं? नावं आहेत का त्यात?”

नावं नव्हती. पण दुसऱ्या दिवशी हॉटेलात नौदलाची पत्रकार परिषद होती, आणि तिथे जायला त्यांनी मला अडवलं नाही.

हॉल अमेरिकी वार्ताहरांनी भरला होता. युद्धासाठी आलेले, पण प्रश्न सगळे वॉशिंग्टनचे. अध्यक्षाने लक्ष उडवण्यासाठी हल्ला केला का? मतदान पुढे ढकललं जाईल का? नौसैनिकांच्या मनोधैर्यावर त्या प्रकरणाचा परिणाम झाला आहे का? सत्तेला न भिणारी, मी जिचा हेवा करत आले होते ती पत्रकारिता हीच. माणसं खरोखर निडर होती. पण त्यांचं सगळं धैर्य एकाच माणसाभोवती फिरत होतं. क्षेपणास्त्रं खाली कुणावर पडतात हे तासाभरात कोणी विचारलं नाही.

मी हात वर केला. अडवलेल्या लाँचवरच्या खलाशांचं काय? त्यांना पाणी मिळतं का? घरच्यांना कळवलं आहे का? पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने शांतपणे लिहून घेतलं. “माहिती घेऊन सांगतो.” पुढचा प्रश्न परत मतदानाचा.

बाहेर पडताना एक म्हातारासा अमेरिकी वार्ताहर माझ्याजवळ आला. त्याला अशा एखाद्या खलाशाच्या घरी जायचं होतं. मी त्याला तुबलीला घेऊन गेले. भाभीने चहा केला, डोक्यावरून पदर नीट घेतला आणि त्याच्या प्रश्नांना, मी दुभाषी, नीट उत्तरं दिली. नवऱ्याचं नाव दोनदा सांगितलं. मग म्हणाली, “त्याला इचार, ती बया अजून नांदते काय त्याच्याकडे?”

“कोण?”

“अध्यक्षाची बायको गो.”

मी विचारलं. तो पहिल्यांदाच हसला. “नांदते,” म्हणाला.

“मग तिला सांग म्हणावं, तुझा तरी घरात हाय.”

त्याचं हसू गेलं. वहीत त्याने ते शब्द उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यात, रमझान सुरू झाल्यावर, त्याचा हापिसात फोन आला. बातमी छापून आली होती, पण भाभी तीत नव्हती. “शेवटचा परिच्छेद होता,” तो म्हणाला. “आमच्याकडे जागा कमी पडली.” हा नियम मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाभीचा नवरा ईदच्या तोंडावर परतला. नौदलाने लाँच दुसऱ्याच एका किनाऱ्याला नेऊन माल जप्त केला होता आणि खलाशांना सोडून दिलं होतं. माझ्या प्रश्नामुळे काही झालं असेल असं मला वाटत नाही. अधिकाऱ्याने कधीच काही कळवलं नाही. भाभीचा नवरा जिना चढून आला तेव्हा त्याचे ओठ फुटलेले आणि गालफडं बसलेली. भाभी ओरडली नाही, रडली नाही. आधी त्याच्या पायांवर पाणी ओतलं. इफ्तारला मला बोलावलं. ताटलीतले खजूर त्याने हाताने बाजूला सारले आणि पाण्याने रोजा सोडला.

जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून एक घडी काढली. अमेरिकी वर्तमानपत्राची पानं होती. खोक्यातून बिस्किटं आणि पाणी दिलं तेव्हा त्यात कोंबलेली. “नौदलाची पोरं वाईट नव्हती,” तो म्हणाला. “पण दुसरं बघायला काय नव्हतं. त्या मुलीचा फोटो आम्हाला सगळ्यांना पाठ झाला.” मग जरा थांबून विचारलं, “आमचं काय छापून आलं?”

भाभी माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणाले.

“कायच नाय?”

“एक ओळ आली होती. कापली.”

त्याने मान हलवली, जणू इंजिनाचा कुठला भाग निकामी आहे ते कळलं. मी ती पानं उलगडली आणि सवयीने तळाशी गेले. बातमी तिथे संपत नव्हती. उरलेला मजकूर आतल्या पानावर, असं लिहिलं होतं. मी शोधलं.

“ते पान?” तो म्हणाला. “त्याच्यावर मासे खाल्ले.”

भाभीने खजुरांची ताटली उचलून आत नेली. मी एक कोरा कागद मागितला आणि त्याला म्हणाले, लाँचवर कोण कोण होतं, एकेकाचं नाव सांग. पत्रक कसं काढतात ते मला येत होतं. तो सांगू लागला, आणि वरच्या आरोळीची जागा कोरी सोडून मी ती नावं तळापासून लिहायला घेतली.