विनिताने आखलेली तळ्याची वाट

विनिता गोखले बेत आखायला बसली की तिच्या हाताला वेगच यायचा. अमिरातीत, रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात सतरा वर्षं ती डिस्पॅच सांभाळत होती. कुठल्या कंटेनरमध्ये किती पॅलेट बसतील, कुठला ट्रक कधी गेटवर लागेल, हे ती कागद न बघता सांगायची. त्यामुळे शनिवारी एकत्र डोंगर चढणाऱ्या त्यांच्या मराठी ग्रुपने किर्गिझस्तानातल्या एका तळ्यावर जायचं ठरवलं, तेव्हा सगळी आखणी आपसूक तिच्याकडे आली.

तळं साडेतीन हजार मीटरवर होतं. गाडीरस्ता संपला की तीन दिवस चाल, तिसऱ्या दिवशी एक खिंड, तंबू आणि शिधा पाठीवर. वाटेत गाव नाही, फोन लागत नाही. जायचं ऑगस्टमध्ये होतं, पण विनिताने ऑक्टोबरातच कामाला सुरुवात केली. कुणाच्या पाठीवर किती वजन, पाणी कुठे भरायचं, कुणाला त्रास झाला तर कुठून मागे फिरायचं, सगळं तिने लिहून काढलं. इथल्याच डोंगरांत सरावाच्या सात चढाया ठरवल्या. शिवाय स्वतःसकट ग्रुपमधल्या आठही जणांसाठी एक फॉर्म केला. काही आजार असेल, औषध चालू असेल, तर लपवू नका, लिहा.

सात जणांनी 'काही नाही' असं लिहिलं. एकट्या धनंजय मांडवकरने लिहिलं की दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, रोज सकाळी एक.

धनंजय मूळचा साखरप्याचा. शारजात एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि तिघांबरोबर एका खोलीत राहायचा. तळ्याचं ठरल्यापासून तो कामावरून आल्यावर पाठीवर तांदळाची गोणी घेऊन इमारतीचे चौदा मजले चढत होता. विनिताने ग्रुपवर लिहिलं, "धनंजयला या वेळी घेता येणार नाही. बीपी आहे, उंचीवर रिस्क नको."

त्याने लगेच फोन केला. "ताई, डॉक्टरना विचारून येऊ का? ते हो म्हणाले तर?"

"नियम सगळ्यांना सारखा, धनंजय. एकाला सूट दिली की खलास."

"बरं ताई," एवढंच तो म्हणाला.

हे बोलताना विनिताच्या पर्समध्ये निळा इनहेलर होता. तिला अकरा वर्षांपासून दमा होता आणि स्वतःच्या फॉर्मवर तिने 'काही नाही' लिहिलं होतं. कधीतरीच त्रास होतो, तोही कारखान्याच्या धुळीने, अशी तिने मनाची समजूत घातली होती. खरं कारण वेगळं होतं. 'तुला झेपेल का?' हा प्रश्न तिला कुणी विचारलेला खपत नसे. चढावर दम लागला की ती बुटाची नाडी बांधायला म्हणून मागे राहायची, पाठ फिरवून दोनदा औषध ओढायची आणि हसत पुन्हा रांगेत यायची.

शेवटची सरावाची चढाई मार्चअखेर होती. पार्किंगमध्ये विनिताने प्रत्येकाची सॅक उघडून तपासली. निखिलकडे पाणी एक लिटर कमी निघालं, तेव्हा सगळ्यांसमोर त्याला सुनावलंही. त्या दिवशी वारं सुटलं होतं आणि हवेत धूळ होती. दोन तासांनी तिची छाती आवळली. ती एका दगडाआड गेली, इनहेलर दाबला. नुसती हवा आली. पुन्हा दाबला. तो कधीच संपला होता.

ती दिसेना म्हणून इशिता मागे आली. इशिता दुबईत वाढलेली, सव्वीस वर्षांची मुलगी. विनिता गुडघ्यांवर बसली होती, ओठ काळे पडले होते.

"मावशी! हे काय आहे तुमच्या हातात?"

विनिताला उत्तर देण्याइतकाही श्वास नव्हता. इशिताने इनहेलर आपल्या खिशात टाकला आणि हाका मारल्या. निखिलने धारेवर धावत जाऊन फोन लावला. पाऊण तासाने बचाव पथकाचं हेलिकॉप्टर आलं. खालच्या वाटेवरची अनोळखी माणसं मोबाइल वर धरून उभी होती. विनिताने टोपी तोंडावर ओढून घेतली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "दमा कब से है?"

इशिता पलंगाशेजारीच होती. "ग्यारह साल," विनिता म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर इशिताने हळूच विचारलं, "मग धनंजयदादाला का काढलंत?"

विनिताने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी तिचा मुलगा सिद्धांत आला. डॉक्टरांकडून त्याला सगळं कळलं होतं. "मॉम, व्हाय वुड यू हाइड इट?"

इशिताने बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. धुळीने अचानक त्रास झाला, असंच सगळ्यांनी धरून चाललं. आठवड्याने विनिताने ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टर मला नको म्हणतात. माझ्या जागी धनंजयला घ्या. त्याच्या डॉक्टरांचं मत घेऊन त्यालाच लीडर करा." त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. किती मोठं मन, असं निखिलने लिहिलं. विनिताने उत्तर लिहायला घेतलं. पण 'तसं नाही' हे दोन शब्द तिच्या बोटांतून उतरेनात.

शुक्रवारी ती शारजाला गेली. धनंजयच्या इमारतीखालच्या कॅफेटेरियात दोघं बसली. कडक चहा आला. तिने अकरा वर्षांचं सगळं सांगून टाकलं, फॉर्मवर काय लिहिलं होतं तेही.

धनंजयने चहाचा कप बाजूला सारला.

"बायकोला मी काय सांगितलं, माहितीये?" तो म्हणाला. "सुट्टी मिळत नाही म्हणून मीच नाही म्हटलं, असं सांगितलं. आजारी म्हणून काढून टाकलं, हे सांगायची लाज वाटली मला, मॅडम."

इतकी वर्षं तो तिला ताई म्हणत होता. "तू जाशील ना?" तिने कसंबसं विचारलं.

"डॉक्टर हो म्हणाले तर जाईन. तुम्ही सांगताय म्हणून नाही."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळी बदलली आणि परवानगी दिली. ऑगस्टमध्ये सात जण गेले. विनिताचे कागद धनंजयच्या सॅकमध्ये होते.

ते परत आल्यावर इशिताच्या घरी सगळे जमले. टीव्हीवर फोटो लागले. हिरवंनिळं पाणी, काठावर बर्फ, उड्या मारणारी माणसं. धनंजय टीव्हीसमोर बसला होता, विनिता कोपऱ्यातल्या खुर्चीत. तळ्याच्या एकाही फोटोत धनंजय नव्हता.

"यात धनंजय कुठे आहे?" तिने विचारलं.

"तो आलाच नाही वर," निखिल म्हणाला. "मीही नाही. खिंडीखाली मला उलट्या सुरू झाल्या, डोकं फुटायला आलं. धनंजय म्हणाला, मी नेतो याला खाली. तळं तीन तासांवर होतं."

विनिताने स्वतःच लिहिलं होतं की कुणी आजारी पडलं तर रांगेतल्या शेवटच्या माणसाने त्याला खाली न्यावं आणि लीडरने पुढे जावं. धनंजयला पुढे जाता आलं असतं. त्याच्या जागी आपण असतो तर? आपण पुढेच गेलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. आवाज नको तितका मोठा निघाला. "मार्चमध्ये मला पहिल्यांदा त्रास झाला नव्हता. दमा जुनाच आहे. मी फॉर्मवर खोटं लिहिलं आणि धनंजयने खरं लिहिलं म्हणून त्याला काढलं."

कुणीतरी फोटो थांबवले. निखिलचा चेहरा उतरला. "आणि आम्ही मोठं मन म्हणालो, ते?"

"तुम्ही म्हणालात. मी गप्प बसले."

इशिताची आई घाईने म्हणाली, "अहो, जाऊ दे आता, जेवून घ्या." पण जागचं कुणी हललं नाही. सगळे धनंजयकडे बघू लागले. तो टीव्हीकडे बघत होता.

"बरं झालं बोललात," तो म्हणाला. "इशिता, पुढचा फोटो लाव."

माफ केलं, असं तो कधी म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही.

उन्हाळा सरला तसे ऑक्टोबरात शनिवारचे डोंगर पुन्हा सुरू झाले. पहिले दोन शनिवार विनिता गेलीच नाही. तिसऱ्या शनिवारी गेली आणि सगळ्यांच्या मागे चालली. अर्ध्या चढावर छाती भरून आली, तेव्हा तिने रांग थांबवली, सगळ्यांसमोर औषध ओढलं आणि म्हणाली, "मी इथून परत फिरते." बोलताना तिचे कान तापले होते. इशिता तिच्याबरोबर खाली उतरू लागली.