नळी किती लांब असावी

मागच्या महिन्यात आम्ही पोलीस क्वार्टर्समधल्या एका घरातला पलंग उभा करून भिंतीला टेकवला... खिडकीसमोर रायफल ठेवून पाहायची होती. घर हवालदार रफिकभाईंचं. उद्या वेळ आली तर रायफल चालवणारेही तेच.

मी इथं छत्रपती संभाजीनगरला फौजदार आहे. आमच्या पथकातल्या नेमबाजासाठी नवी रायफल घ्यायची होती. नळी सव्वीस इंची की वीस इंची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. अहवाल मी लिहायचा होता... एमए मराठी असल्यामुळं असली कामं माझ्याकडं येतात.

फायरिंग रेंजवर लांब नळी सरस ठरली होती. तिच्यातून गोळी जास्त वेगानं सुटते, लांबवर कमी खाली येते. साहेब आकडे बघून म्हणाले, "मग ठरलंच की."

रफिकभाई बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, रेंजवर आपण उघड्यावर पालथं पडतो. शहरात पडायला जागा कुठंय?"

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. उन्हाळ्यात एका कॉलनीत एक माणूस बायकोच्या गळ्याला सुरा लावून बसला होता. रफिकभाई गल्लीपलीकडच्या घरात होते. नेमबाजानं खिडकीपासून मागं सरकून, अंधारात बसायचं असतं. पण खोली लहान, मागं कपाट, आणि जुनी रायफल लांब... तिचं टोक खिडकीबाहेर आलं. त्या माणसाला ते दिसलं.

आम्ही दार तोडून आत गेलो तेव्हा बाईचा जीव गेलेला होता.

मी साहेबांकडं आणखी एक चाचणी मागितली. रेंजवर नाही, राहत्या घरात. साहेब म्हणाले, "घर कोण देणार तुम्हाला?" खरं होतं. रायफल घेऊन आलेल्यांना कुणी घरात घेत नाही. रफिकभाईंनी स्वतःचं दिलं.

समोरच्या इमारतीत एक घर रिकामं होतं. तिथल्या खिडकीत दोन कपडे टांगायचे... एक ओलीस धरणाऱ्याचा, एक ओलीस धरलेल्याचा. रफिकभाईंच्या बायकोकडं, नसरीनभाभींकडं मागितले. त्यांनी नवऱ्याचा जुना शर्ट दिला आणि दोरीवरचा मुलीचा शाळेचा युनिफॉर्म काढला. "सूखा है मॅडम, ये लेव." झोया दुसरीत आहे.

मी समोर जाऊन दोन्ही टांगले. रायफल रिकामी होती, गोळी उडवणारा बोल्टही काढलेला. तरी रफिकभाईंनी फोनवर मला बाजूच्या खिडकीत उभं राहायला सांगितलं. बोल्ट नसला तरी माणसावर धरायची नाही, म्हणाले.

आधी लांब नळी. पलंग हलवला होता, ते पाठ भिंतीला लावून बसले होते, तरी टोक चौकटीच्या बाहेर आलं. त्या अख्ख्या इमारतीत मला पहिल्यांदा तेच दिसलं. मी फोटो काढला.

मग टोक आत गेलं. दुसरी रायफल लावत असतील, असं मला वाटलं... पण रफिकभाई खाली उतरलेले दिसले. मधलं पटांगण ओलांडून ते जिना चढून आले. हँगरवरून युनिफॉर्म काढला आणि हातात धरून उभे राहिले. रायफलवरच्या दुर्बिणीतून तो त्यांना किती जवळ दिसला असेल, ते आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "दुसरं काहीतरी लावू."

त्यांनी तो परत टांगला. कॉलर सारखी केली. "रहने दो. वहाँ भी किसी की तो रहेंगी."

ते आखूड नळी लावायला परत गेले. मी बघत राहिले. पडदा, चौकट, आत काळोख. थोड्या वेळानं फोन केला, "बसलात का?"

"कब का बैठा हूँ."

मी पुन्हा नीट पाहिलं. काहीच नव्हतं. त्याचाही फोटो काढला. आम्हाला हवं होतं तेच झालं होतं... तरी मी खिडकीपासून मागं सरकले.

परत आल्यावर भाभींनी विचारलं, "ये दिखे क्या?" मी खुशीत होते. नाही म्हटलं, आत बसलेला माणूस बाहेरून अजिबात दिसत नाही.

अहवालात सगळं लिहिलं. आखूड नळीचा आवाज मोठा, बंद खोलीत कानाला फार लागेल. गोळीचा वेग थोडा कमी. पण आमच्या गल्ल्यांतल्या अंतराला तो पुरून उरतो. सोबत दोन्ही फोटो जोडले. दुसरा फोटो साहेबांनी बराच वेळ पाहिला. "यात माणूस कुठंय?"

"आहे, साहेब."

त्यांनी आखूड नळीवर सही केली.

गेल्या आठवड्यात आभार मानायला रफिकभाईंच्या घरी गेले. भर दुपार, तरी ट्यूबलाइट चालू. खिडकी लावलेली, वर पडदा. ऑक्टोबरचा उकाडा... आत जीव घुसमटत होता. याच खिडकीतून भाभी समोरच्या बायकांशी तास तास बोलायच्या.

मी विचारलं, बंद का?

भाभींनी चहा ठेवला. "आपहीच बोले थे ना मॅडम. सामने कोई अंदर बैठा तो दिखता नहीं करके."

रफिकभाई कपाकडं बघत होते. झोया लाइटखाली बसून चित्र रंगवत होती. मी चहा संपवून निघाले. आभार मानायचे राहूनच गेले.

म्हणून इथं लिहितेय. भाभी, तुम्ही घर उघडून दिलंत. त्यामुळं कधीतरी कुणाचा तरी जीव वाचेल, असं मला खरंच वाटतं... तुमच्या खिडकीचं काय करायचं, ते मात्र मला माहीत नाही.