आतोबांचे जंतू

आमच्या आतोबांना जंतू दिसत. तुम्हाआम्हाला माणसं दिसतात, त्यांना माणसांवर बसलेले जंतू दिसत. महाडच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. तिथल्या डॉक्टरांनी एकदा सूक्ष्मदर्शकातून त्यांना पाण्याचा थेंब दाखवला, आणि तेव्हापासून आमच्या आत्याच्या घरी जे जे म्हणून पातेल्यात मावेल ते ते उकळायला लागलं. मुंबईहून आलेलं पत्र आधी तासभर उन्हात पडे, मग वाचायचं. त्यांच्या पुतण्याची लग्नपत्रिका अशीच ऊन खात असताना शेजारच्या शेळीने खाल्ली, आणि आत्याला त्या लग्नाचा पत्ता लागला तो एकदम बारशालाच! पोलादपूरच्या मोटारीत कुणी शिंकलं की हे भर गाडीत छत्री उघडत. लोकांना वाटे, काय हे सोवळं! सोवळं कसलं, सख्ख्या सासूने दिलेलं पाणीसुद्धा ते "उकळलंय का?" विचारल्याशिवाय घेत नसत. एका पंगतीत जिलबीवर माशी बसली, तर मोठ्याने म्हणाले, "हिला सहा पाय आहेत, आणि सहाही पाय कुठून आले ते सांगू का?" निम्मी पंगत उठली. आत्या महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी.

मी लग्न होऊन तुडीलकडच्या एका वाडीत गेले. त्या वैशाखात सावित्री नदीच्या वरच्या अंगाला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आजाऱ्यांचे कपडे लोक नदीतच धूत होते. माझी लेक दहा महिन्यांची, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी निरोप धाडला तसे आतोबा भर दुपारी चालत आले, माझ्या घरात पाऊलही न टाकता थेट विहिरीवर गेले आणि त्यांनी आत लाल औषध ओतलं. बायकांनी वाकून पाहिलं, तर पाणी जांभळट!

"अगो बाय, ह्यो इख घालतोय!" एकच गलका झाला. माझ्या सासूबाईंनी तर हंडाच उचलला. "आमी नाय पिणार ह्ये. नदीवर जाऊ. ती वाहती हाय, ती कशाला बाधंल?"

आतोबा घसा फोडून सांगत होते, की रोग नदीतूनच येतोय, आज घरात भरलेलं पाणी उकळून प्या, उद्या सकाळी विहिरीचं भरा. कोण ऐकतंय! शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मंग तुमी प्या आदी. आत्ता, आमच्या म्होरं."

जंतू मारायला औषधाला अख्खी रात्र लागते, हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं, आतोबांना आणि मला. आतोबांनी एकदा सासूबाईंच्या कडेवरच्या माझ्या लेकीकडे पाहिलं, पोहरा सोडला, तांब्या भरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग मिशा पुसून म्हणाले, "जरा तुरट आहे, पण ठीक." सासूबाईंनी हंडा खाली ठेवला.

नंतरचे तीन दिवस ते आमच्या रिकाम्या गोठ्यात राहिले, आणि कुणाला जवळ फिरकू देईनात. "लांब! लांब! ताट तिथेच ठेव! हात धू! राखेने धू गं, राखेने!" अख्ख्या वाडीला आयती करमणूक झाली. पण पोरंबाळं त्यांच्या धाकाने हात धुऊन जेवायला लागली, आणि नदीवर पाण्याला कुणी गेलं नाही. पटकी आमच्या वाडीत आली नाही.

चौथ्या दिवशी ते ठणठणीत निघाले. मी विचारलं, "आतोबा, भीती नाही वाटली?"

"वाटली तर! अगं, त्या बायकांना नुसतं पाणी दिसत होतं. मला सगळे दिसत होते."

मला रडूच कोसळलं. मी पाया पडायला पुढे झाले, तर चार पावलं मागे सरून म्हणाले, "रड हवं तेवढं, पण पदराने नाक पुसू नकोस."

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. महाडला आत्याकडे गेले की मी सरळ आत शिरते, पाय न धुता, आणि "लांब!" म्हणून कुणी ओरडत नाही, हे मला अजून सोसत नाही.